दिवसाचे दिवे आणि धुक्याचे दिवे : धामणकर नाक्याच्या संदर्भात एक विवेचन

मोटारगाडीला दिवे कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर वरवर पाहता सोपे आहे. अंधारात रस्ता दिसावा म्हणून, असे कोणीही सांगेल. परंतु हे उत्तर अर्धेच खरे होय. रस्ता उजळणारे पुढील मुख्य दिवे वगळले, तर गाडीवरील उरलेले बहुतेक दिवे, म्हणजे मागील तांबडे दिवे, ब्रेकचे दिवे, वळण दर्शविणारे दिवे, हे चालकाला काही दाखवीत नाहीत. ते चालकाची गाडी इतरांना दाखवितात. एक दिवा पाहण्याचा, दुसरा दिसण्याचा. पाहण्याचा दिवा बिघडला तर चालकाला ते तत्क्षणी कळते. दिसण्याच्या दिव्याचा परिणाम मात्र तो लावणाऱ्याला कधीच दिसत नाही. तो लागला आहे की नाही, उपकारक आहे की त्रासदायक, हे समोरच्याला अथवा मागच्याला कळते, आणि रस्त्यावर त्यांना ते सांगण्याची सोय फारशी नसते. मोटारचालकांत दिव्यांसंबंधी जे शिष्टाचार रूढ झाले किंवा व्हावयास हवे होते पण झाले नाहीत, त्यांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

दिवसा लावावयाचे दिवे आणि धुक्यासाठी असलेला मागील दिवा हे दोन्ही निव्वळ दिसण्याचे दिवे आहेत, आणि दोहोंची तीव्रता एका विशिष्ट परिस्थितीसाठी ठरविलेली आहे. ती परिस्थिती बदलली की त्याच दिव्याचा अर्थ बदलतो. हा बदल जेथे ठळकपणे पाहावयास मिळतो, अशा ठिकाणांपैकी भिवंडीतील धामणकर नाका हे एक म्हणता येईल.

धामणकर नाका अंजूरफाट्याकडून भिवंडी शहरात येणाऱ्या वाटेवर आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो मार्गाच्या आखणीतही त्या नावाचे स्थानक आहे, यावरून नाक्याचे वाहतुकीतील महत्त्व ध्यानात यावे. शहर यंत्रमागांचे आणि अलीकडच्या काळात गोदामांचे. त्यामुळे सुताच्या गोण्या आणि कापडाचे तागे वाहणारे टेंपो, गोदामांकडे जाणारे मालट्रक, रिक्षा, दुचाक्या, खाजगी मोटारी, हातगाड्या, सायकली आणि पाळी संपवून घरी परतणारे कामगार, ही सर्व मंडळी एकाच रुंदीत वावरतात. यांपैकी काहींना चार-पाच प्रकारचे दिवे आहेत, काहींना एकच आहे आणि काहींना मुळीच नाही. दिव्यांचा विचार करताना ही शेवटची मंडळी विसरली जातात. पुढील विवेचनात ती पुन्हा पुन्हा येतील.

प्रथम कायद्याचा विचार करू जाता, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०५ वा नियम असे सांगतो की, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, तसेच पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी, गाडीचे दिवे लागलेले असले पाहिजेत आणि पुढील १५५ मीटर अंतरावरील माणसे व वाहने त्या उजेडात स्पष्ट दिसली पाहिजेत. यातील अर्ध्या तासाची सवलत संधिप्रकाशावर विसंबून दिलेली आहे हे उघड आहे. अशी सवलत ब्रिटनमधील कायद्यातही रूढ होती. मात्र संधिप्रकाशाचा काळ सर्वत्र सारखा नसतो. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतचा जो काळ, ज्यात दिव्यावाचून व्यवहार चालू शकतात, तो लंडनमध्ये वर्षभर अर्ध्या तासाहून अधिक असतो. स्टॉकहोमला जून महिन्यात तो तासाहूनही लांबतो. भिवंडी सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे सूर्य अधिक उभा मावळतो आणि हाच काळ अवघ्या २२ ते २४ मिनिटांत संपतो. म्हणजे नियमातील अर्धा तास पुरा होतो तेव्हा नाक्यावर अंधार पडून पाच-सात मिनिटे झालेली असतात. घड्याळ पाहून दिवे लावणारा चालक कायद्याला धरून वागतो, पण तेवढी मिनिटे तो न दिसता चालत असतो. 'पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी' हे शब्द नियमात आहेत म्हणून ही त्रुटी भरून निघते. ते शब्द व्यवहारात कितपत पाळले जातात, हे जुलै महिन्यातील कोणत्याही दुपारी नाक्यावर उभे राहिल्यास कळते. आभाळ भरून आलेले असते, सरींनी समोरचे पुसट झालेले असते आणि निम्म्या गाड्यांचे दिवे मालवलेले असतात. 'दिवस आहे' एवढेच कारण त्यासाठी पुरेसे वाटते.

दिवसाही दिवे लावावेत ही कल्पना उत्तरेकडील देशांतून आली. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यात गावाबाहेरील रस्त्यांसाठी तसा नियम केला. स्वीडनने १९७७ मध्ये तो वर्षभर आणि सर्वत्र लागू केला. कॅनडाने १९९० पासून नव्या गाड्यांना दिवसाचे दिवे आपोआप लागण्याची सोय सक्तीची केली, आणि युरोपीय संघाने फेब्रुवारी २०११ पासून मोटारींच्या नव्या नमुन्यांसाठी तेच केले. या देशांतील सूर्य वर्षातील बराच काळ क्षितिजालगत असतो, सावल्या लांब पडतात आणि समोरून येणारी गाडी पार्श्वभूमीत मिसळून जाते. अशा ठिकाणी एक ठळक ज्योत गाडीला पार्श्वभूमीपासून वेगळी काढते. अक्षांश जसजसा कमी तसतसा हा लाभ कमी होत जावा, असे तर्काने दिसते, आणि या विषयावरील वादात ते वारंवार मांडलेही गेले आहे.

भारतात हा विचार मोटारीच्या नव्हे, दुचाकीच्या वाटेने आला. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा पुढील दिवा इंजिन चालू असेतोवर आपोआप लागलेला राहावा, असा नियम झाला. दुचाकीची समोरून दिसणारी रुंदी अगदी थोडी. समोरच्याला ती दिसली तरी तिचे अंतर व वेग यांचा अंदाज चुकतो. म्हणून तिला दिवसा दिवा देण्यामागील विचार बळकट आहे. या नियमाने एका जुन्या देशी शिष्टाचाराला मात्र विचित्र स्थितीत टाकले. भर उन्हात कोणाचा दिवा चालू राहिला असेल, तर समोरून येणारा अनोळखी माणूस हाताची बोटे मिटून-उघडून त्याला खूण करीत असे. अर्थ एवढाच की, दिवा राहिला आहे, मालवा. ही खूण कोणत्याही पुस्तकात शिकविलेली नाही, कोणत्याही कायद्यात नाही. पण गावोगावी ती समजत असे. दिसण्याच्या दिव्याचा परिणाम लावणाऱ्याला दिसत नाही, ही उणीव समाजाने आपल्या परीने भरून काढली होती. २०१७ नंतर दुचाकीस्वाराच्या हाती दिवा मालवण्याचे बटणच राहिले नाही, आणि ती खूण काही काळ निरर्थक होऊन पुढे विरळ झाली. एका सोयीने दुसरी सोय मोडली, आणि मोडलेली सोय सौजन्याची होती, याची नोंद कोणत्याही अधिसूचनेत होणार नव्हती.

दुचाकीला दिवा दिल्यानंतर मोटारींनीही तो लावला, तर दुचाकीचे वेगळेपण राहते काय? युरोपात दुचाकीस्वारांच्या संघटनांनी हाच आक्षेप घेतला होता, आणि तो दुर्लक्षणीय नाही. दहांतील एकाला दिवा असेल तर डोळा त्याच्याकडे जातो. दहांच्या दहांना असेल तर डोळा पुन्हा आकाराकडे वळतो, आणि आकारात मोटार दुचाकीवर मात करते. धामणकर नाक्यावर याही पुढची पायरी आहे. तेथे दिवा नसलेली सायकल आणि पायी चालणारा माणूस या उजळ ठिपक्यांच्या मधून वाट काढीत असतो. ठिपके जितके अधिक तितका तो अधिक लपतो. हा तोटा मोजण्याची सोपी रीत नाही. तथापि ज्या रस्त्यावर जवळजवळ सर्व वाहने बंदिस्त व दिवेयुक्त आहेत, अशा रस्त्यांवरील निष्कर्ष येथे जसेच्या तसे उचलणे योग्य नव्हे.

दिवसाच्या दिव्याची तीव्रता आंतरराष्ट्रीय नियमांत निश्चित केलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ८७ प्रमाणे ती समोरच्या अक्षावर ४०० कँडेलांहून कमी नसावी आणि कोणत्याही दिशेत १,२०० कँडेलांहून अधिक नसावी. उन्हात हे प्रमाण बेताचे वाटते. रात्री मात्र चित्र पालटते. मुख्य दिव्याचा खालचा झोत, ज्याला चालकांच्या बोलीत 'डिप्पर' म्हणतात, त्यातून समोरच्या चालकाच्या डोळ्याच्या दिशेने सुमारे २५० ते ३५० कँडेलांपेक्षा अधिक प्रकाश जाऊ नये, अशी मर्यादा आहे. म्हणजे दिवसाचा दिवा रात्री तसाच पूर्ण तेजाने जळत राहिला, तर तो समोरच्याच्या डोळ्यांत डिप्परच्या तीन-चार पट प्रकाश टाकू शकतो. म्हणूनच मुख्य दिवे लागताच दिवसाचा दिवा विझावा किंवा मंद व्हावा, अशी रचना उत्पादक करतात. बाजारातून विकत घेऊन मागाहून बसविलेल्या पांढऱ्या पट्ट्यांना ही रचना क्वचितच असते.

याहून गंभीर बाब मागील बाजूची आहे. दिवसाचे दिवे बहुतेक गाड्यांत फक्त पुढे लागतात. मागील तांबडे दिवे त्यांच्याबरोबर लागत नाहीत. समोर अंधुकसा उजेड पडलेला, यंत्रफलक उजळलेला, नाक्यावर रस्त्याचे दिवेही असतात, तेव्हा आपल्या गाडीचे दिवे लागले आहेत असा चालकाचा प्रामाणिक समज होतो आणि गाडी मागून पूर्णतः काळी राहते. कॅनडात अशा गाड्यांविषयी इतक्या तक्रारी झाल्या की, सप्टेंबर २०२१ पासून नव्या गाड्यांना त्यावर उपाय असणे तेथे बंधनकारक करण्यात आले : एक तर दिवसाच्या दिव्यांबरोबर मागील दिवेही लागावेत, किंवा अंधार पडताच सर्व दिवे आपोआप लागावेत, किंवा यंत्रफलक काळाच राहून चालकाला जाणीव व्हावी. या तिसऱ्या पर्यायात मोठे शहाणपण आहे. इतरांना जो अंधार भोगावा लागतो, त्याचा थोडा वाटा तो चालकाच्या पदरात घालतो.

आता धुक्याकडे वळू. भिवंडीत दाट धुके ही नित्याची गोष्ट नव्हे. परंतु भिवंडीजवळून नाशिककडे जाणारा महामार्ग शहापूरमार्गे कसारा घाट चढतो, आणि पावसाळ्यात घाटमाथ्यावर ढगच रस्त्यावर उतरतात. घाटातून उतरून भिवंडीत शिरणारी मोटार म्हणूनच तासा-दीड तासात दोन अगदी भिन्न प्रकाशविश्वांतून जाते.

धुक्याचे थेंब दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने कितीतरी मोठे, साधारणतः काही मायक्रोमीटर ते काही दशक मायक्रोमीटर व्यासाचे असतात. त्यामुळे निळा प्रकाश अधिक आणि तांबडा कमी विखुरणे, हे जे निरभ्र आकाशात घडते, ते धुक्यात घडत नाही. सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. पिवळा दिवा धुके भेदतो ही समजूत यामुळे निराधार ठरते. फ्रान्सने १९३० नंतरच्या दशकात मुख्य दिवे पिवळे असण्याची सक्ती केली आणि ती १९९३ पर्यंत टिकली. पिवळ्या प्रकाशाने डोळे कमी दिपतात असे त्यामागे म्हणणे होते. पुढील धुक्याच्या दिव्याचे खरे सामर्थ्य रंगात नसून जागेत व आकारात आहे. तो खाली बसविलेला असतो आणि मोटारींच्या बाबतीत त्याची उंची जमिनीपासून २५० ते ८०० मिलिमीटरांच्या दरम्यान असावी लागते. त्याचा झोत रुंद, चपटा आणि वरून सरळ कापलेला असतो. चालकाच्या दृष्टिरेषेतील धुके उजळल्यावाचून रस्त्याची कड उजळणे, हा त्यातील हेतू. 'अप्पर' लावला तर नेमके उलट होते. डोळ्यांसमोरचेच थेंब उजळून पांढरी भिंत उभी राहते.

मागील धुक्याच्या दिव्याचे गणित निराळे आहे, आणि ते थोडे विस्ताराने पाहणे इष्ट. काळी वस्तू धुक्यात किती अंतरावर दिसेनाशी होते याचे सूत्र हाराल्ड कोशमीडर यांनी १९२४ मध्ये मांडले. परंतु स्वयंप्रकाशी दिव्याला ते लागू पडत नाही. त्यासाठी त्याच्याही आधी, १८७६ मध्ये, दीपगृहांचा पल्ला ठरविताना एमिल अलार यांनी दिलेला नियम उपयोगी पडतो. दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात तर घटतोच. शिवाय धुक्यामुळे तो घातांकाने घटतो. डोळ्यापाशी पोचलेला प्रकाश एका किमान मर्यादेहून अधिक असेल तरच दिवा दिसतो. ही मर्यादा पार्श्वभूमीच्या उजेडावर अवलंबून असते. विमानतळावरील दृश्यमानता मोजताना उजळ दिवसासाठी ती एक सहस्रांश लक्स धरतात आणि रात्रीसाठी सुमारे एक दशलक्षांश लक्स. दिवसाचे पांढरे धुके हे स्वतःच प्रखर असते, म्हणून हा हजारपटीचा फरक पडतो.

दृश्यमानता १०० मीटर असलेले धुके घेऊ. सामान्य मागील दिवा सुमारे १० कँडेलांचा असतो. दिवसा अशा धुक्यात तो ५० मीटरांच्याही आत आल्यावाचून दिसत नाही. धुक्याचा मागील दिवा १५० ते ३०० कँडेलांचा असावा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. २०० कँडेला धरल्यास तो त्याच धुक्यात १०० मीटरांवरून दिसू लागतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने ओल्या रस्त्यावर जाणारी मोटार, चालकाची दीड सेकंदाची प्रतिक्रिया धरून, थांबण्यास ८० मीटरांहून अधिक अंतर घेते. ताशी ५० किलोमीटर वेगास सुमारे ४० मीटर पुरतात. पहिल्या चालकाला सामान्य दिवा दिसला तरी उपयोग नाही. धुक्याचा दिवा दिसला तर तो वाचतो, आणि समोरचाही वाचतो. या दिव्याचे समर्थन या आकड्यांत आहे. आता हेच धुके रात्रीचे समजू. दहा कँडेलांचा सामान्य दिवाच आता सुमारे १९० मीटरांवरून दिसतो. म्हणजे मागील धुक्याच्या दिव्याची खरी निकड दिवसाच्या दाट धुक्यात असते, आणि चालक मात्र तो प्रामुख्याने रात्री लावतात.

धुके नसलेल्या रात्री काय होते? नाक्यावर गाड्या एकामागे एक खोळंबलेल्या असतात आणि मागचा दुचाकीस्वार पुढील मोटारीपासून पाच-सहा मीटरांवर असतो. त्याच्या डोळ्यांत सामान्य दिव्याच्या वीसपट तांबडा प्रकाश सतत पडत राहतो. दिपणे हा त्यातील लहान दोष होय. मोठा दोष असा की, ब्रेकचा दिवा याच तीव्रतेच्या पातळीवरचा आहे. नियमकर्त्यांना हे ठाऊक होते; म्हणून धुक्याचा दिवा व ब्रेकचा दिवा यांत किमान १०० मिलिमीटर अंतर असावे, असे बंधन त्यांनी घातले. पण डोळ्याला बदल कळतो. काळोखात एकदम उमटलेला तांबडा दिवा 'थांब' असे सांगतो. अगोदरच जळत असलेल्या तांबड्या दिव्याशेजारी उमटलेला दिवा तेच सांगण्यास अंमळ उशीर लावतो. ताशी ३० किलोमीटर वेगास अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे चार मीटरांहून अधिक अंतर. नाक्यावरील गर्दीत चार मीटरांत एक सायकल आणि एक पादचारी मावतात.

जर्मनीत दृश्यमानता ५० मीटरांहून कमी झाल्यावाचून हा दिवा लावता येत नाही, आणि तेव्हा वेगही ताशी ५० किलोमीटरांवर ठेवावा लागतो. ब्रिटनमध्ये ही सीमा १०० मीटरांची आहे. दोन्ही नियमांत दिवा केव्हा मालवावा हेही तितक्याच स्पष्टपणे अभिप्रेत आहे. आपल्याकडे दिव्यांविषयीचा लोकशिक्षणाचा भर लावण्यावर आहे. मालट्रकांच्या पाठीवर रात्री डिपर वापरण्याची विनंती पिढ्यान्‌पिढ्या रंगविली जात आहे, आणि मालवण्याविषयीची तीच एक ठळक सूचना म्हणावी लागेल. ती देखील कायद्याने नव्हे, रंगाऱ्याने दिलेली.

चारही बाजूंचे दर्शक एकदम लुकलुकत ठेवण्याची जी सवय आहे, तिचाही येथेच उल्लेख करणे आवश्यक आहे. बोलीत यांना 'पार्किंग लाइट' म्हणतात आणि गाडी अडून पडली आहे असे सांगण्यासाठी ते असतात. पावसात, बोगद्यात, घाटातील धुक्यात आणि नाक्यावर सरळ जावयाचे असतानाही ते लावले जातात. चालत्या गाडीने ते लावले की वळण्याचा संकेत देण्याची सोयच नाहीशी होते. शिवाय खरोखर थांबलेल्या ट्रकला वेगळे सांगण्यासारखे काही उरत नाही. तीच गत क्षणभर अप्पर मारण्याची. ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ अनेकदा 'तुम्ही आधी जा' असा घेतला जातो. आपल्याकडे 'मी येतो आहे, वाट सोडा' असा. दोहोंपैकी कोणताही अर्थ चुकीचा नव्हे, एका रस्त्यावर एकच असला म्हणजे झाले.

उत्पादकांनी विसराळू चालकाची काही काळजी घेतलेली आहे. मागील धुक्याचा दिवा लागला असता यंत्रफलकावर पिवळसर खूण उजळली पाहिजे, आणि गाडीचे दिवे एकदा मालवल्यानंतर पुन्हा लावताना तो आपोआप लागता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. नवीन प्रवास सुरू झाला की जुना दिवा विसरला जावा, ही त्यातील योजना. परंतु कसाऱ्याहून भिवंडीपर्यंत रात्री दिवे मालवण्याचा प्रसंगच येत नाही. शहापूर मागे पडते, आभाळ स्वच्छ होते, महामार्ग सुटून शहराची वाट लागते, आणि घाटात लावलेला दिवा त्या पिवळसर खुणेसह धामणकर नाक्यापर्यंत जळत येतो. तो मालवण्यास अजून चालकाचे बोटच लागते.